भिंतीपलीकडची मोटर

४ तारीख, सोमवार
आलो एकदाचे. कारखान्यानं राहायला खोली दिली आहे आणि खोलीच्या भिंतीपलीकडेच मोठ्या पंपाची मोटर. म्हणजे कामावर यायला उशीर झाला, ही सबब आता जन्मात सांगता येणार नाही. ही म्हणाली, आवाज कसा छान एकसुरी आहे, झोप लागेल. माझ्या घोरण्याबद्दल इतके चांगले शब्द बायकोच्या तोंडून कधी निघाले नव्हते.

मोटर म्हातारी, पण खणखणीत. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली. आत मऊ घुरघुर, मांडीवर मांजर बसल्यासारखी. मॅनेजरसाहेबांकडे कंपनं मोजायचं महागडं यंत्र आहे. कपाटात, अगदी सुरक्षित.

७ तारीख, गुरुवार
मोटर बंद करून इन्सुलेशन तपासलं. पॅनेलला माझं कुलूप, किल्ली माझ्या खिशात. मी हात घातलेला असताना कुणी चालू करायला नको. आकडे झकास. घरी येऊन बघतो तर ही ओट्याला टेकून बसलेली, चेहरा पांढराफटक, आणि शेजारच्या काकू वारा घालताहेत. काकू म्हणाल्या, मोटर थांबली तशी ही कोसळली, सुरू झाली तसे डोळे उघडले. काकूंना योगायोगांची भारी हौस. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. एवढं लोखंड शेजारी असताना!

११ तारीख, सोमवार
भरदुपारी वीज गेली. धावत घरी आलो. हिची नखं निळी. नाकाशी बोट धरलं, श्वास नाही. मग वीज आली, भिंत थरथरली आणि ही श्वास घ्यायला लागली. मोटरच्या पहिल्या फेऱ्याबरोबर.

काकूंना खोदून विचारलं. आधीचा मेकॅनिक जोडीनं आला होता म्हणे. गेला एकटा. हे आधी का नाही सांगितलंत म्हटलं, तर म्हणाल्या, आल्या आल्या कशाला कुणाचा जीव घाबरा करायचा!

१२ तारीख, मंगळवार
हिला घेऊन निघालो. फाटकाबाहेर, मोटरचा आवाज विरला तिथंच ती गुडघ्यांवर आली. उचलून परत आणली. खोलीत येताच म्हणाली, अहो, उगीच धावाधाव केलीत, मला इथंच बरं वाटतं.

१५ तारीख, शुक्रवार
ही मोटर बंद पडता कामा नये. म्हणून ग्रीस भरलं. आणखी भरलं. ज्या चुकीवरून मी जन्मभर लोकांना फाडून खाल्लं, तीच. ग्रीस जास्त झालं की बेअरिंग मोकळं फिरत नाही, घुसळून घुसळून तापतं. कळत होतं. हात थांबेना. आता बेअरिंगवर तळवा ठेवता येत नाही.

हिला ताप भरलाय.

१६ तारीख, शनिवार
जादा ग्रीस नीट काढायचं तर मोटर थांबवायला हवी. थांबवायची तर —

चालू मोटरचंच खालचं बूच काढलं. काळं ग्रीस आलं, त्यात चकाकणारा चुरा. बेअरिंग झिजतंय. हिनं कूस बदलली की सांधे करकरतात.

साहेबांचे पाय धरले. ते हसले. म्हणाले, मोटर थांबवू द्या म्हणून रडणारे पुष्कळ पाहिले, थांबवू नका म्हणणारे तुम्हीच पहिले. उद्या बंद करून बेअरिंग बदलायचा हुकूम.

१७ तारीख, रविवार
मोटरघराला आतून कडी घातली. साहेब बाहेर ओरडताहेत. ओरडू देत.

बेअरिंगमधून धूर. करायला काही उरलं नाही — थांबवली तरी, नाही थांबवली तरी —

ही भिंतीवर थापा मारतेय. अहो, बंद करा म्हणतेय, सगळं अंग भाजतंय. फार झालं, बंद करा.

नाही. नाही करणार.

थापा हळू झाल्या. आवाज बदलला — घासतोय — फेरे मोजता येतील इतके —

मी स्विचला हात लावलेला नाही. मी हातसुद्धा —