दुर्बिणीची झाकणं

६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक, असं लिहिणार होतो. पण पत्रातलं खोटं तुला लगेच कळतं. रविवारी दुपारी बाबांबरोबर तलावावर गेलो. पाऊस सरून हवा स्वच्छ झाली आहे, पक्षी नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. बाबा बाकावर बसून दुर्बिणीतून बघत एकेक सांगत होते. टिटवी, खंड्या, परत टिटवी. सगळं बरोबर, मी हो हो म्हणत होतो. मग लक्ष गेलं. दुर्बिणीची पुढची दोन्ही झाकणं लावलेलीच होती! शिवाय समोर काठावर बगळा उभा होता, त्याचं त्यांनी नावही घेतलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. काय करू, तूच सांग.

लोभ आहेच, घाईने उत्तरही असू दे.
तुझा,
धाकटा

११ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचल्यापासून कशात लक्ष नाही. आज वर्गात एकच गणित दोनदा शिकवलं, पोरं हसली. जन्मभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला झाकण दिसू नये? आणि तू मूग गिळून बसलास! आधी त्यांना डॉक्टरकडे ने. हट्टाला पेटले तर ताईने सांगितलंय म्हण, म्हणजे माझ्याशी भांडतील. मला परीक्षा संपल्यावरच सुट्टी मिळेल. तोवर जीव टांगणीला.

माया आहे म्हणूनच ओरडते आहे.
तुझी,
ताई

१७ नोव्हेंबर

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

धाकट्याने तुझं पत्र वाचून दाखवलं, ओरडा वगळून. माझ्या ओळी वरखाली झाल्या असतील, सांभाळून घे.

झाकणं मीच लावली होती. डॉक्टरकडे उन्हाळ्यातच जाऊन आलो. डोळ्यांतला उजेड जातोय, तो परत येणार नाही म्हणाले. तुम्हाला सांगवेना. म्हणून थोडं दिसतंय तोवर कानाला शिकवतोय. झाकणं लावून आवाज ऐकायचा, नाव घ्यायचं, मग झाकणं काढून खातरी करायची. त्या रविवारी धाकटा हो हो म्हणत होता, म्हणून काढली नाहीत. टिटवी, खंड्या आता चुकत नाहीत. बगळा गप्प असतो, तो हुकतो.

बगळ्याचं मला काही नाही. भीती वेगळीच आहे. तुझा आवाज मी कुठेही ओळखीन, पण आवाजात चेहरा नसतो. परीक्षा संपायची वाट बघू नकोस. ये, आणि खिडकीपाशी माझ्यासमोर बस.

तुझे,
बाबा