दारावरची फुली

चंदगड, जानेवारी २००३

तीर्थस्वरूप अण्णा,

नमस्कार करते, पण राग धरूनच.

इथं आरोग्य केंद्रात माझं बरं चाललंय. नवे डॉक्टर तोंडाळ आहेत, पण मनानं चांगले. पोलिओचे डोस पाजायला गेलं की लोक अंगावर कुत्री सोडतात. तरी पाजल्याशिवाय मी हलत नाही.

आमच्या केंद्रातल्या नर्स पद्मजाची बदली आपल्या कळंब्याला झाली. काल तिचा फोन आला, "तुझ्या माहेरच्या दारावर फुली मारून आलोय बघ."

डोस नाकारणाऱ्या घरावर आम्ही खडूनं फुली मारतो, अण्णा. "माझ्या पोराला काय पाजायचं न्हाय, चालती हो," असं म्हणालास व्हय तिला?

आईचे गुडघे कसे आहेत?

रविवारी बर्फाचा डबा घेऊन येते. आधी तुझ्या शशिधरला दोन थेंब, मग तुझ्याशी भांडण. फुली पुसू नकोस. ती मीच पुसणार.

तुझी पाठची बहीण,
दानेश्वरी