तुमच्या नावानं खेळलेले आठ दिवस

अहो,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले आणि पत्र आज लिहितेय, कारण तुमच्या त्या गेमची वर्गणी उद्या, रविवारी संपतेय. तसा मेसेज आला होता तुमच्या फोनवर, गेल्या आठवड्यात. पुण्याला निखिलला विचारलं तर म्हणाला, "आई, राहू दे, बंद पडंल आपोआप." सगळंच आपोआप बंद पडतंय. म्हटलं, बंद पडायच्या आधी बघून तरी घेऊ, हा माणूस रोज तीन-तीन तास काय करत होता!

कागलच्या कंपनीतून पहिली पाळी करून यायचात, बूट काढायच्या आधी कॉम्प्युटर सुरू. मी काय काय बोललेय त्या कॉम्प्युटरला! सवत म्हणाले, भूत म्हणाले. तुम्ही नुसते हसायचात. एकदा म्हणालात, "ये की, बस जरा शेजारी, दाखवतो." मी कणीक मळत होते. आले नाही.

निखिलनं फोनवर एकेक बटण सांगितलं आणि पडद्यावर तुम्ही उभे राहिलात. अहो, ते काय रूप! उंचच्या उंच, टोकदार कान, जांभळा झगा आणि कमरेपर्यंत पांढरे केस. पस्तिशीत टक्कल पडलेला माणूस! हसू यायला हवं होतं. आलं नाही. रडूही येत नाही, तेव्हा हसूच कुठून येणार?

पहिल्याच संध्याकाळी मी तुम्हाला नदीत नेऊन बुडवलं. चालायची बटणं कळत नव्हती. पडद्यावर आलं, तुम्ही मेलात, परत उठायला हे बटण दाबा. दाबलं. तुम्ही गावाच्या वेशीवर झगा झटकत उठलात. मी बघत बसले. काहीच वाटलं नाही हो. गॅसवर दूध ठेवलं होतं, ते बघायला उठले.

मग तुमचं घर सापडलं. मला वाटलं होतं, तलवारी असतील, राक्षसांची मुंडकी असतील. आत काय, तर चूल! भोपळ्याचा वेल, पिठाची पोती, मडकी, शंभर तऱ्हेचे मसाले. तुमची बारा जणांची टोळी लढाईला निघायच्या आधी तुमच्याकडे जेवायला येते, म्हणजे अंगात जोर येतो म्हणे. तुम्ही आचारी! घरात सव्वीस वर्षांत स्वतःचा चहाचा कप उचलून मोरीत ठेवला नाहीत, आणि तिकडं बारा माणसांना रांधून वाढत होतात? खरं सांगते, चार महिन्यांत पहिल्यांदा काही वाटलं असेल तर तो राग होता.

मी चुलीशी उभी होते आणि खाली अक्षरं उमटली. इचलकरंजीचा कोण तो प्रवीण. "मामा! कुठं गेलतासा वो? किती वाट बघायची मानसानं!" पाठोपाठ बेळगावची ती नर्स, सविता. "मामा, जेवलासा काय?"

आता सांगा, जेवलात का विचारल्यावर आपल्याकडं माणूस काय उत्तर देतो? हातांनी आपसूक लिहिलं, "जेवलो."

झालं! तिथंच चुकले. एकदा तुम्ही होऊन बोलले, मग मागं कसं फिरायचं? दुसऱ्या दिवशी प्रवीण म्हणाला, "मामा, कट वाढा की." गेममधल्या लाल अळंब्यांच्या सुपाला तुम्ही मिसळीचा कट म्हणायला शिकवलंय पोरांना. शोधून शोधून केला, वाढला. आठ दिवस संध्याकाळी हेच चाललंय. दिवा लावते आणि तुम्ही होऊन रांधायला बसते.

तुम्ही म्हणाल, सांगून मोकळी का झाली नाहीस? अहो, मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही गेलात त्या दुपारी भाऊजींनी फोन हातात घेतला आणि पाहुण्या-रावळ्यांत सगळीकडं सांगावा धाडला. कंपनीत त्यांनीच कळवलं, निखिललाही त्यांनीच. बाईनं सांगावा द्यायचा नसतो आपल्यात. मला आतल्या खोलीत बसवलं होतं. जो येई त्याला माहीत असे. चार महिन्यांत "ते गेले" हे दोन शब्द माझ्या तोंडून एकदाही निघालेले नाहीत. या बारा जणांना कळवायचं राहिलंय, आणि त्यांचा पत्ता भाऊजींना ठाऊक नाही. फक्त मला आहे.

गुरुवारी सांगायचंच ठरवून बसले. "ते" लिहिलं, खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. तेवढ्यात सविताचं आलं, "मामा, मामींचं गुडघं कसं हाय? तेल लावाय सांगितल्यालं, लावत्यात काय?"

म्हणजे ते तेल हिनं सांगितलेलं? तुम्ही आणून फडताळावर ठेवलंत आणि म्हणालात, दुकानात मिळालं स्वस्तात! मी झाकणही उघडलं नाही. माझे गुडघे दुखतात हे तुम्ही बेळगावपर्यंत सांगितलंत, मला मात्र एका शब्दानं विचारलं नाहीत. असे कसे हो तुम्ही?

पुढं तिनंच लिहिलं, "मामी बऱ्या हैत न्हवं?"

मी कशी आहे, हे तुम्ही होऊन मला सांगायचं होतं. अर्धा तास बोटं तशीच ठेवून बसले. ती पोरं जेवून लढाईला गेली. 

आज शनिवार. सगळे सहाला येणार आहेत. कट करून ठेवलाय, सगळ्यांना पुरेल एवढा. त्यांना आधी जेवू घालीन, उपाशीपोटी कुणाला सांगणार नाही. मग सांगावा देईन, माझ्या हातानं. मामा गेले. मी मामी बोलतेय. आणि सविताला तिच्या प्रश्नाचं उत्तर देईन, खरं तेच. बरी नाही गं मी. वचन देते.

तुमची,
सुलभा