ठोकळ्यांचा डबा

३ जून
नवी नोकरी, नवी खोली, खिडकीत भरपूर ऊन. कामही आवडीचं: शस्त्रक्रियेने कानात यंत्र बसवलेल्या चिमुरड्यांचे कानामागे अडकवायचे प्रोसेसर संगणकाला जोडून आवाजाच्या पातळ्या लावायच्या. आवाज आला की मुलाने डब्यात ठोकळा टाकायचा. शिपाईमामा म्हणाले, बाई, या इमारतीत कुणीच कुणाचं ऐकत नाही. ही पोरं निदान शिकतात तरी.

पहिलीच आली ती अडीच वर्षांची. तिला चिमणी म्हणायचं ठरवलं. एकही ठोकळा चुकली नाही. आई गोडबोली, वाक्यागणिक ताई. बाप आडदांड, मूग गिळून बसलेला. आईची तक्रार एकच: डोक्याला चुंबकाने चिकटणारी चकती सारखी पडते. मी जास्त जोराचं चुंबक लावून दिलं.

१० जून
चकती आता क्वचितच पडते. पण तिच्याखालची कातडी काळीनिळी, सुजलेली. चुंबक जास्त झालं का? प्रोसेसर आवाजाची पातळी आणि चकती सुटल्याची वेळ टिपतो, ती नोंद काढली. नवं चुंबक लावेपर्यंत रोज दुपारी आधी प्रचंड आरडाओरडा, लगोलग चकती सुटलेली. ती पडत नव्हती. चिमणीच्या कानशिलात चपराक बसत होती म्हणून चकती उडत होती. आणि मी ती घट्ट बसवली. आता फटका चकतीसकट हाडात उतरतो.

११ जून
बापाला तोंडावर विचारलं. तो पांढराफटक पडला. म्हणाला, बाई, दुपारी मी कामावर असतो. मला खोटं वाटलं. बालसंरक्षणवाल्यांना कळवलं, त्यांनी त्याला घराबाहेर काढलं. आईने माझे हात धरले. ताई, देवासारख्या धावून आलात, म्हणाली.

१७ जून
बाप घरात नाही. दुपारच्या आरडाओरड्याच्या नोंदी दुप्पट. चिमणीचं मनगट मोडलेलं. पडली हो ताई, म्हणाली आई.

तो खरं बोलत होता. मी तपासलं का नाही?

चिमणी आज घरी येणार नाही, असं आईला सांगून टाकलं. घाई केली. पोलिसांना फोन केला होता, ते येईपर्यंत तरी थांबायचं—

दार आतून लावलंय. मामा मधे पडले. आग विझवायची लाल टाकी आईने त्यांच्या डोक्यात— आता कण्हतही नाहीत. फटीतून रक्त आत आलंय.

टाकी दारावर. गोड आवाजात ताई, ताई—

चिमणीने चांगल्या हाताने डबा ओढला. घावागणिक एक ठोकळा. दर वेळी शाबासकीसाठी माझ्याकडे बघते.

वरची बिजागरी गेली.

ठोकळा.

ठोकळे संपले. ती आता रिकामीच मूठ डब्यात—