आबांची डावी बाजू

दीव
१४ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस,
अनुपमाचा सा. न. वि. वि.

आबा सुखरूप आहेत, मीही सुखरूप आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. पत्र गच्चीवर जाऊन एकटीनं वाच. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. आपल्या घरी फोन कायम स्पीकरवर. हर्षलदादाच्या आधी त्याच्या छकुलीला कळतं आणि तिच्यामागोमाग तिच्या अख्ख्या वर्गाला.

तू हट्टानं आबांना इथं पाठवलंस तेव्हा मला वाटलं होतं, जन्मभर एसटी चालवलेला माणूस या एवढ्याशा बेटावर कंटाळून जाईल. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी शेजाऱ्यांची सायकल मागून घेतली. माझ्या बँकेला सुट्टी असली की आम्ही निघतो. छोटा फेरा किल्ल्यापासून किनाऱ्याकिनाऱ्यानं जालंधरपर्यंत. मधला फेरा फुदमला गंगेश्वराचं दर्शन घेऊन नागव्याला. तिथं ताडासारखी पण फांद्या फुटलेली होका नावाची झाडं आहेत. आणि मोठा फेरा पार टोकाला, वणाकबाऱ्याच्या कोळीवाड्यापर्यंत. नवा रस्ता असला की आबा माझ्या मागच्या चाकाला चिकटून यायचे आणि घरी आल्यावर एकेक वळण पुन्हा विचारायचे. मी चिडवायची की आबा, इथं काय तुमची ड्युटी लागणार आहे का? जाताना ते गप्प असायचे, परतताना मात्र समुद्राचं कौतुक संपायचं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. जाताना समुद्र डावीकडे असतो गं.

परवा रविवारी वणाकबाऱ्यात डोक्यावर मासळीचं घमेलं घेतलेली एक बाई डावीकडच्या गल्लीतून रस्त्यावर आली. चांगली धिप्पाड, हळूहळू येत होती. मी बाजूनं गेले. आबा थेट तिच्यावर गेले. ब्रेकसुद्धा दाबला नाही. बाई पडली, मासळी रस्ताभर झाली. तिचं कोपर सोलवटलं, सुदैवानं मोडलं नाही. मी तिला दवाखान्यात नेलं, ती गुजरातीत आम्हाला शिव्या घालत होती आणि आबा सारखे म्हणत होते की थे बाई आली कुठून, मले तं दिसलीच नाही.

घरी आल्यावर मी त्यांच्या डाव्या बाजूला पाण्याचा पेला धरून उभी राहिले. ते तसेच समोर बघत बसले. मी पेला त्यांच्या कानापाशी नेला तरी तसेच.

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. डावा डोळा पूर्ण गेला आहे. उजव्यानं नळीतून पाहिल्यासारखं फक्त नाकासमोरचं दिसतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाले. नोकरीत होते तोवर डोळे तपासले जायचे, निवृत्त झाल्यावर कोण विचारतं!

आई, मला लगेच छकुली दिसली. रोज सकाळी आबांच्या स्कूटरवर पुढं उभी असते ती. आबा म्हणतात की घरी कोणाले सांगू नको, तुह्या पाया पडतो पाहिजे तं, पण सांगू नको. मी काय करू? तुला कधी काही शंका आली नाही का?

आज संक्रांत, पण गोड बोलायला तोंड उरलेलं नाही. माझ्यावर आहे तो लोभ असू दे आणि लवकर लिही.

तुझी,
अनु


चिखली
२० जानेवारी २०२५

चि. अनुस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गच्चीवर वाचलं आणि पापड वाळत घातलेल्या खाटेवरच बसले. तुझी पूनमवहिनी हाका मारत होती, तरी मी खाली गेले नाही.

तुझ्याशी खोटं बोलत नाही. तुझ्या आबांना डावीकडचं दिसत नाही हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. पण ते परत येणार नाही हे माहीत नव्हतं. मला वाटलं मोतीबिंदू असेल. आपल्या शेजारच्या तानाबाईचा झाला, तिच्या नवऱ्याचा झाला. सगळे सांगतात की पिकू द्यावा, मग काढावा, दुसऱ्या दिवशी हिरवी पट्टी लावून माणूस घरी. मी पिकायची वाट पाहत बसले अनु. मी वाट पाहत होते आणि तिकडे त्यांचा डोळा जात होता. गेलेली नजर परत येत नाही, ही तुझी एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. दर वेळी वाटे, पुढं आणखी काहीतरी लिहिलेलं असेल.

मी का बोलले नाही ते ऐक. मला कळलं त्याच दिवशी त्यांनी निजलेल्या छकुलीच्या डोक्यावर माझा हात ठेवला आणि शपथ घातली की हे कोणाले सांगशील तं पाह्यजो. स्कूटर गेली तं म्या घरात बसून कोणाच्या तोंडाकडे पाहू, असं म्हणाले. दुसऱ्या कशाची शपथ असती तर मी केव्हाच मोडली असती. बोलले तर छकुलीवर येईल, आणि नाही बोलले तरी रोज सकाळी स्कूटरवर छकुलीच.

म्हणून मी मागे बसू लागले. हर्षलला वाटतं मी महादेवाला जाते. मी दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवते. डावीकडून काही आलं की डावा खांदा दाबते, थांबायचं असलं की दोन्ही. तानाबाई गल्लीभर सांगते की मंजुळाबाईले या वयात नवरी झाल्यासारखं काऊन होऊन राह्यलं? मी हसते. शाळेच्या फाटकात छकुली उतरली की मी मनातल्या मनात महादेवाला हात जोडते, ते तानाबाईला कुठं दिसतं!

तुझ्याकडे त्यांना मी मुद्दामच पाठवलं. तू त्यांना घरात बसवून ठेवणार नाहीस हे मला ठाऊक होतं, आणि तिथल्या रस्त्यावर माझे हात नसणार होते. मी सांगायचं नाही, तू पाहायचं, एवढंच माझ्या हाती होतं. बेट म्हणजे खेड्यासारखं असेल, रहदारी नसेल, असं मला वाटलं. कोणाला लागेल हे मनातही आलं नाही. त्या बाईला माझ्याकडून एक चांगली साडी घेऊन दे.

तू स्वतः पाहिलंस म्हणून तुला लिहिलं. पण हर्षलशी मी अजून बोलू शकत नाही. शपथ त्यांनी घातली, त्यांनीच सोडवली पाहिजे. तोवर तू दादाला कळवू नको, माझं एवढं ऐक.

जेवणाची आबाळ करू नकोस, आईवर राग धरू नकोस.

तुझी,
आई


दीव
२६ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस,
अनुचा सा. न. वि. वि.

राग धरू नको म्हणतेस, पण मी चिडले आहे आणि चिडून रडलेही आहे. शपथेनं काही होत नसतं हे तुला सांगून उपयोग नाही, ते मला कळतं. पण आई, एखाद्या सकाळी तुझा हात पडायला जरा उशीर झाला असता तर? तू खोकली असतीस, पदर उडाला असता तर?

आईनं तुम्हाला इथं का पाठवलं ते मला कळलंय, असं मी आबांना सांगितलं. ते दिवसभर जेवले नाहीत. मग म्हणाले की पाच तारखेचं तिकीट आहे, मी आपला घरी जातो, चिखलीचे रस्ते मले पाठ आहेत. मी म्हटलं की रस्ते पाठ आहेत, रस्त्यावरची पोरं पाठ नाहीत.

आज सुट्टी होती. दोघांनी मिळून चालवायची सायकल इथं भाड्यानं मिळते. मी पुढे बसले, आबांना मागे बसवलं. हातात हँडल आहे आणि ते वळत नाही, हे त्यांना सहनच होईना. किल्ला मागे पडेपर्यंत त्यांनी मला नुसतं झापलं. जालंधरच्या अलीकडे त्यांनी विचारलं की डावीकडे काय आहे. मी म्हटलं समुद्र. आणखी काय, असं ते विचारत गेले आणि मी सांगत गेले: खडक आहेत, एक होडी उलटी करून ठेवली आहे, पोरं क्रिकेट खेळताहेत, एक म्हातारा जाळं शिवतोय. एवढं सारं असते काय तिकडे, असं म्हणाले आणि माझ्या पाठीला डोकं टेकलं. आबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आजही पाहिलं नाही, पाठीला कळलं तेवढंच.

मी चार तारखेपर्यंत थांबते. नंतर दादाला फोन करणार. शपथ तुझ्यावर आहे, माझ्यावर नाही.

तुझ्या गुडघ्यांना जप आणि या भांडखोर लेकीला पदरात घे.

तुझी,
अनु


दीव
३ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षल यास,
शालिग्रामचे अनेक आशीर्वाद.

पत्र मी माझ्या हातानं लिहितो आहे. ओळी एकमेकींवर चढल्या तर समजून घे. तुझ्या आईला आणि पूनमला बसवून मोठ्यानं वाच. छकुली शाळेत असेल तेव्हा वाच.

मला डाव्या डोळ्यानं काही दिसत नाही. उजव्यानं समोरचं थोडं दिसतं. अशा डोळ्यांनी मी तुझ्या पोरीला दोन वर्षं स्कूटरवर नेली. हे वाचून तुला माझ्यावर हात उगारावासा वाटेल. समोर असतो तर मी अडवलं नसतं. पोर वाचली ती तुझ्या आईच्या दोन हातांमुळे, ती काय ते तुला सांगेल. तिला एक शब्दही बोलायचा नाही. छकुलीची शपथ घालून मीच तिचं तोंड बांधलं होतं.

मंजुळा, शपथ सुटली. छकुलीवर आता काही नाही, तुझ्यावर काही नाही. जे आहे ते माझ्यावर.

हर्षल, स्कूटर मी यायच्या आत विकून टाक. कोणालाही दे, आपल्या गल्लीत मात्र देऊ नको. दारात उभी दिसली तर मी किल्ली मागेन, तुम्ही नाही म्हणाल, आणि मी आरडाओरडा करीन. मी मला चांगला माहीत आहे. विकली की अनुला फोन कर, मग मी निघतो. पाच तारखेचं तिकीट रद्द केलं.

हा आजार घराण्यात उतरतो, असं डॉक्टर सांगतात. तू याच आठवड्यात बुलढाण्याला जाऊन डोळे दाखव. आज-उद्या करू नको.

छकुलीला शाळेत सोडायला मी येईन, पायी, तूही बरोबर असशील तेव्हा. तू हो म्हटलंस तरच. आणि तिला आतापासून शिकवून ठेव की आबांच्या उजव्या हाताला चालायचं. डावीकडून चालली तर माझं बोट धरलेलं असूनही ती मला दिसणार नाही.

राग येईल तेवढा यावा, लोभ मात्र तोडू नये.

तुझा,
आबा