हे पान सध्या दुसरीकडे उघडलेलं आहे

रविवार, ३ मार्च
आजपासून रोजनिशी. संकल्प: थोडक्यात लिहायचं आणि चिडायचं नाही.

आमच्या जनावरांच्या दवाखान्याच्या वेबसाइटवरचं 'तातडीची सेवा' हे पान घरी बसून तयार केलं. ऑफिसातली पोरं ब्राउझरच्या टीचभर चौकटीत टाईप करतात. मी वर्डवाला. वेबसाइटचं पान सरळ वर्डमध्ये उघडायचं, लिहायचं, सेव्ह केलं की परत जागेवर. मी ओळीओळीला सेव्ह करतो. काम जपणारा माणूस आहे मी.

तातडीचा नवा फोन नंबर अजून मिळालेला नाही. तूर्त नमुना म्हणून हिचा मोबाइल नंबर टाकला. तेवढा एकच पाठ आहे.

कॉम्प्युटर चालूच ठेवलाय. त्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. घरात शिस्त हवी.

सोमवार, ४ मार्च
सकाळी चहाआधीच हिच्या फोनवर कोणी बाई रडत होती. मांजराने सुई गिळली म्हणे. पाठोपाठ एक घोडेवाला. हिने विचारलं, दवाखान्याच्या पानावर माझा नंबर कसा? समजावलं की तो फक्त नमुना आहे, लोकांना अक्कल नको का. ऑफिसात गेल्या गेल्या बदलतो म्हटलं.

दुपारी. बदलता येत नाही! 'हे पान सध्या दुसरीकडे उघडलेलं आहे.' म्हणजे कोणीतरी उघडून ठाण मांडून बसलंय. तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या टेबलावरच्या डुलक्याकडे रोखून पाहिलं. तो दचकून जागा झाला. मनात पाप नसेल तर माणूस दचकेल कशाला?

मंगळवार, ५ मार्च
पान अजून अडलेलंच. डुलक्या शपथेवर सांगतो की असं काही पान आहे हेच त्याला माहीत नव्हतं. नाटकी मेला.

हिचा घसा बसलाय. आज ससा, दोन बोकड आणि एक मुका झालेला पोपट. पोपटाला हिने फोनवरूनच बोलतं केलं. कौतुक करायला गेलो तर म्हणाली की शनिवारपर्यंत नंबर निघाला नाही तर ती बहिणीकडे राहायला जाईल. फोन मात्र मला देऊन.

बुधवार, ६ मार्च
वेबसाइट सांभाळणारी मुलगी (कीबोर्ड बडवते, म्हणून टकटक) तपासून म्हणाली की पान माझ्याच नावाने अडलंय, घरी वर्डमध्ये उघडं राहिलंय का बघा. मला सांगते! मी सुनावलं, अर्थ उघड आहे, कोणीतरी माझा पासवर्ड चोरलाय. ती छताकडे बघत राहिली. पटलं असावं. पासवर्ड माझ्या मॉनिटरवर चिकटवलेला आहे, तो डुलक्याने वाचला असणार. हलकट!

गुरुवार, ७ मार्च
मोठ्या डॉक्टरांकडे तक्रार. टेबलावर मूठ आपटली. (मूठ सुजली आहे.) मागणी केली की पान अडवणारा सापडला की त्यालाच तातडीचे फोन घ्यायला बसवा, म्हणजे कळेल. डॉक्टर कुत्र्याचा दात काढत होते, तरी म्हणाले की कल्पना उत्तम आहे.

यापुढे खरंच चिडायचं नाही.

शुक्रवार, ८ मार्च
टकटकने पान जबरदस्तीने सोडवलं आणि खरा नंबर घातला. हिचा फोन गप्प. ही चक्क हसली. श्रेय माझ्या आरडाओरड्याला.

टकटक जाता जाता म्हणाली की जुनी प्रत कुठे उघडी सापडली तर सेव्ह न करता बंद करा. सेव्ह न करता! कालची पोर मला शिकवते.

शनिवार, ९ मार्च, सकाळ
चिठ्ठीचं एक टोक सुटलं होतं म्हणून घरच्या कॉम्प्युटरपाशी गेलो. स्क्रीनवर वर्ड. वर्डमध्ये 'तातडीची सेवा'. रविवारपासून.

चिठ्ठीचं सुटलेलं टोक आधी नीट चिकटवलं.

शांतपणे विचार केला. दोष चिठ्ठीचा. ही रोज तिथली धूळ पुसते, तिच्या लक्षात यायला नको? जाऊ दे. डुलक्याला मोठ्या मनाने माफ केलं. प्रकरण गुपचूप मिटवायचं. वर्ड बंद करायला गेलो तर त्याने विचारलं, सेव्ह करायचं का?

हा काय प्रश्न झाला? होय.

शनिवार, जरा वेळाने
हिचा फोन वाजला. ठेवला तोच परत वाजला. टकटकचाही आला, पण ती हसत होती की रडत होती ते कळलं नाही. डॉक्टरांचा निरोप तिनेच दिला: माझी उत्तम कल्पना मंजूर आहे, सुरुवात आजपासून.

हिने फोन माझ्या हातात ठेवला, बॅग उचलली. दारातून एवढंच म्हणाली की पोपटवाल्याचा फोन दुपारी येतो, त्याच्यावर ओरडायचं नाही, पोपट परत मुका होतो.

आत्ता घोडेवाला लाइनवर आहे. फार चिडका माणूस.