मी जंगलखात्यातला क्लार्क न्हाय

दांडेली,
१२ जानेवारी १९८४

भरमूअण्णांस,

रामराम. रागात आहे, म्हणून एवढ्यावरच भागवतो.

आधी आईला सांगा, माझी तब्येत बरी आहे आणि जेवण वेळेवर होतं. तिच्या डोळ्याचं काय झालं?

आता तुमचं. काल सकाळी शिबिराच्या पोरांना घेऊन मी नदीकाठच्या चिखलात पालथा पडलो होतो. खंड्या पक्षी मासा धरायला झेपावतो, तेव्हा फोटो कसा टिपायचा ते शिकवत होतो. मागनं आवाज आला, "जंगलखात्याचं हापीस कुठं हाय? आमचे होणारे जावई सातेरी तिथं क्लार्क हायत."

संकेश्वरचे मल्हारी पाटील! त्यांच्या मुलीला तुम्ही मला न विचारता माझ्यासाठी मागणी घातली, वर हे खोटं सांगितलं.

मी उठलो. "मीच तो. क्लार्क न्हाय, फोटोग्राफर हाय. ही पोरं माझ्याकडं शिकायला आल्यात."

माझ्या चिखलानं भरलेल्या शर्टाकडं बघत ते म्हणाले, "तुमच्या भावानं लई चांगलं सांगितलं होतं." चहाही न घेता ते बसला गेले. पोरं हसली. मला पुढं शिकवायला सुचेना.

संकेश्वरला जाऊन त्यांची आणि त्या मुलीची माफी मागा. तोवर मी घरी येणार न्हाय. आईला मात्र काम आहे म्हणून सांगा.

अण्णा, तुम्ही उद्यमबागेतल्या लोखंड ओतायच्या फौंड्रीतनं काळेठिक्कर होऊन घरी येता. माझा भाऊ बँकेत आहे, असं मी आजवर कुणालाही सांगितलेलं न्हाय.

तुमचा धाकटा,
सातेरी